उन्हाळा लागला की सूर उतरतो: बेल्टवर चालणाऱ्या जुन्या टर्नटेबलची परत परत येणारी तक्रार

माझ्याकडचे टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र, नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याचे सामान विकायला निघाले, तेव्हा मी विकत घेतले. बेल्टवर चालणारे (मोटार रबरी बेल्टने प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची चकती, फिरवते), 230 व्होल्टच्या एसी मोटारीचे आणि जड प्लॅटरचे हे यंत्र पहिल्या हिवाळ्यात अतिशय सुरेख वाजले. मार्च संपत आला, घरोघरी कूलरना वाळ्याच्या नव्या ताट्या लागल्या आणि एका दुपारी ख्यालाची रेकॉर्ड ऐकताना असे जाणवले की दुसरी बाजू संपेपर्यंत गायकाचा षड्ज खाली बसला आहे. आधी तो कानाचा भ्रम वाटला, म्हणून हार्मोनियम जवळ घेऊन पडताळून पाहिले. सुरुवातीला काळी एक या पट्टीशी नेमका जुळणारा षड्ज पाऊण तासानंतर काळी एक आणि पांढरी एक यांच्या मध्येच कुठेतरी अडकला होता. मी नवा बेल्ट आणला, बसवला, मोटारीला तेल दिले आणि सूर जागेवर आला. दोन महिन्यांनी तो पुन्हा उतरला. असे तीन उन्हाळे गेले आणि तीन बेल्ट बदलून झाले.

वेग मंदावला की बेल्ट बदलावा हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. नवा बेल्ट बसवल्यावर तक्रार नाहीशी होते आणि काही आठवड्यांनी परत येते, तेव्हा दोष बेल्टमध्ये नसून बेल्टला खराब करणाऱ्या दुसऱ्याच एखाद्या गोष्टीत असतो. माझ्या बाबतीत ती गोष्ट कोणती होती, ती कशी सापडली आणि तिथपर्यंत पोहोचण्याआधी कोणकोणत्या शक्यता मोजून बाजूला साराव्या लागल्या, हे येथे सविस्तर लिहीत आहे. जुने टर्नटेबल घेऊन त्याला नवी कार्ट्रिज (पिन बसवलेला, आवाज उचलणारा भाग), नवी मॅट (प्लॅटरवरची चटई), नवा प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारे उपकरण) लावण्याचा विचार करणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्याआधी वेगाचा प्रश्न पूर्णपणे सोडवावा. कार्ट्रिज जितकी चांगली, तितका सुरातला डळमळीतपणा अधिक स्पष्ट ऐकू येतो.

आधी मोजणी

एलपी रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे घेते. हा आकडा अवघड दिसत असला तरी घरच्या घरी तपासण्यासाठी फार सोयीचा आहे, कारण तीन मिनिटांत बरोबर 100 फेरे होतात. रेकॉर्डच्या कडेखाली कागदाची एक अरुंद पट्टी अशी दाबून ठेवावी की तिचे टोक थोडे बाहेर राहील, शेजारी एक पोस्टकार्ड उभे धरावे, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला हलकासा ‘टक्’ आवाज येतो. मोबाइलवर 180 सेकंदांचे घड्याळ लावावे आणि आवाज मोजावेत. 100 भरले तर वेग बरोबर. 99 भरले तर वेग एक टक्का कमी आहे, आणि तानपुऱ्यासोबत ऐकणाऱ्या तयार कानाला तेवढाही फरक कळतो. 97 भरले तर सूर जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने उतरलेला असतो. माझ्या हार्मोनियमवर षड्ज दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकला होता तो याचमुळे. 45 च्या वेगावर तीन मिनिटांत 135 फेरे व्हायला हवेत.

प्लॅटरवर फोन ठेवून वेग सांगणारी अ‍ॅप्सही आहेत आणि ती उपयोगी पडतात, मात्र फोन शक्य तितका मध्यभागी ठेवावा. कडेला ठेवलेल्या फोनच्या वजनाने हलक्या प्लॅटरचा तोल जातो. पट्ट्यापट्ट्यांची स्ट्रोबची चकती (वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली जिच्या पट्ट्या स्थिर दिसतात) वापरायची असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे साधा पिवळा बल्ब किंवा निऑनचा दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो आणि 33⅓ साठी चकतीवर 180 पट्ट्या लागतात. इंटरनेटवरून छापून घेतलेली चकती अनेकदा 60 हर्ट्झची, म्हणजे 216 पट्ट्यांची असते. ती आपल्या दिव्याखाली स्थिर दिसू लागली तर समजावे की प्लॅटर मिनिटाला जेमतेम 27.8 फेरे घेत आहे. दुसरी गोष्ट अशी की अनेक एलईडी दिव्यांत ही लुकलुक जवळजवळ नसतेच, त्यामुळे त्यांच्या प्रकाशात चकती काहीच सांगत नाही. एलईडीखाली पट्ट्या धूसर दिसतात म्हणून मोटार उघडून बसलेले एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत.

मोजणी एकदा करून भागत नाही. यंत्र सुरू केल्याबरोबर एकदा, पाऊण तास चालल्यावर दुसऱ्यांदा आणि रेकॉर्डवर धूळ पुसण्याचा मखमली ब्रश अगदी हलका टेकवून तिसऱ्यांदा, अशा तीन मोजण्या वहीत लिहून ठेवाव्यात. माझ्या वहीत तिसऱ्या उन्हाळ्यातल्या एका दुपारचे आकडे आहेत: सुरुवातीला 100, पाऊण तासाने 97, आणि ब्रश टेकवल्यावर 93. निदानाची निम्मी वाट या तीन आकड्यांनीच दाखवली.

आकडे काय सांगतात

तक्रार ‘वेग बिघडला’ अशी एकच असली तरी तिच्यामागे निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्या परस्परांपासून वेगळ्या ओळखता येतात.

वेग पहिल्या मिनिटापासून कमी असेल आणि तेवढाच कमी राहत असेल, तर प्रश्न मापाचा असतो. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्रांत हे हमखास दिसते. अशा यंत्राला 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला जातो, यंत्र चालते, दिवा लागतो, आणि सूर मात्र तीन अर्धस्वरांहून थोडा अधिक उतरलेला असतो. काळी पाचचा गायक पांढरी पाचच्याही किंचित खाली गातो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची वारंवारता बदलत नाही. सिंक्रोनस मोटारीचा वेग मात्र वारंवारतेवरच ठरतो, म्हणून 60 हर्ट्झसाठी बनवलेली मोटार 50 हर्ट्झवर सहात एक भाग हळू फिरते. तिला 50 हर्ट्झची, म्हणजे अधिक व्यासाची पुली (मोटारीच्या दांड्यावरचे, बेल्ट ओढणारे लहान चाक) लागते. ती कंपनीकडून मिळाली तर उत्तमच, नाहीतर जुन्या पुलीच्या मापावरून चांगल्या लेथवाल्याकडून पितळेची करून घ्यावी, पण भोक तंतोतंत मध्यभागी हवे.

याच्याशी निगडित एक गैरसमज दूर केला पाहिजे. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडते म्हणून टर्नटेबल हळू चालते, असे समजून स्टॅबिलायझर घेणारे अनेक जण आहेत. सिंक्रोनस मोटारीच्या बाबतीत तो खर्च वाया जातो. व्होल्टेज 230 वरून 205 वर आले तरी तिचा वेग बदलत नाही, फक्त ओढण्याची ताकद कमी होते. देशाच्या वीजजाळ्याची वारंवारता 49.90 ते 50.05 हर्ट्झ या पट्ट्यात राखण्याचा नियम आहे. म्हणजे जास्तीत जास्त 0.2 टक्के फरक, जो ऐकून ओळखता येणार नाही. माझी मोटार सिंक्रोनस होती, म्हणून ‘वीजच तशी आहे’ ही पळवाट मला पहिल्याच दिवशी बंद झाली.

सूर उतरत नसून प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे दर 1.8 सेकंदांनी, एकदा डुलत असेल, तर आधी रेकॉर्ड तपासावी. मधले भोक एक मिलिमीटरने जरी सरकलेले असले, तरी आतल्या वळणांवर सूर दोन्ही बाजूंना दीड-पावणेदोन टक्के हलतो, बाहेरच्या कडेला मात्र पाऊण टक्क्याहून कमी. टोनआर्मकडे, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीकडे, समोरून पाहिल्यास ती मंदपणे डावीउजवीकडे झुलताना दिसते. वाकलेल्या रेकॉर्डमध्ये ती वरखाली होते. नागपुरात स्लॅबच्या खाली, माळ्यावर किंवा उन्हाच्या खिडकीलगत आडव्या रचून ठेवलेल्या रेकॉर्ड वाकणारच. त्या उभ्या, ताठ आणि घरातल्या सर्वांत थंड भिंतीजवळ ठेवाव्यात. दुसरी रेकॉर्ड लावल्यावर डुलणे थांबले, तर यंत्राला हात लावू नये.

वेग सुरुवातीला कमी असेल आणि वीस-पंचवीस मिनिटांत हळूहळू सुधारत असेल, तर प्लॅटरच्या बेअरिंगमधले जुने वंगण चिकट झालेले असते. हे डिसेंबर-जानेवारीत अधिक दिसते, कारण त्या दिवसांत येथे पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो. जुन्या यंत्रांत कुणीतरी प्रेमाने खोबरेल तेल घातलेले असते, हे मी दोनदा पाहिले आहे. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठते, म्हणजे नागपूरच्या हिवाळ्यात प्लॅटरचे स्पिंडल (मधला दांडा) अक्षरशः मेणात फिरत असते. खाण्याचे कोणतेही तेल बेअरिंगमध्ये घालू नये. ते काही वर्षांत लाखेसारखे चिवट होते.

याच्या उलट, वेग सुरुवातीला बरोबर असेल, यंत्र तापत जाईल तसा उतरत असेल आणि ब्रशसारखा किंचित अडथळा आला तर आणखी कोसळत असेल, तर बेल्ट घसरत आहे. सिंक्रोनस मोटार स्वतः मंद होत नाही. ती फिरते आहे आणि प्लॅटर मागे पडते आहे, याचा अर्थ दोघांमधला दुवा निसटतो आहे. माझे 100, 97 आणि 93 हे आकडे नेमके हेच सांगत होते. एवढे कळूनही मी तीनदा फक्त बेल्ट बदलला, कारण बेल्ट घसरतो म्हणजे बेल्ट सैल झाला, असे मी गृहीत धरले होते.

उन्हाने रबर सैल पडते का?

माझी चूक या प्रश्नात दडलेली होती, म्हणून येथे थोडे थांबतो. उन्हाळ्यात तक्रार येते, रबर उन्हाने सैल पडते, म्हणून बेल्ट सैल पडतो, ही साखळी इतकी सरळ वाटते की ती तपासावीशीही वाटत नाही. प्रत्यक्षात ताणलेले रबर तापवले की ते लांबत नाही, उलट आखडते. जॉन गफ यांनी हे 1805 मध्ये नोंदवले आणि जूल यांनी 1859 मध्ये त्याची मोजमापे प्रसिद्ध केली. घरी करून पाहायचे असेल तर एका रुंद रबरबँडला कुलूप टांगावे, मागे फुटपट्टी उभी करावी आणि केस वाळवण्याच्या यंत्राने रबरबँडवर गरम हवा सोडावी. कुलूप किंचित वर सरकते. मी हे जेवणाच्या टेबलाशेजारी करून पाहिले तेव्हा घरातल्या सर्वांनी दोन-दोनदा पाहिले.

दीर्घकाळ उष्णतेत राहिलेले रबर म्हातारे होते, ताण धरून ठेवण्याची त्याची क्षमता कमी होते, हे खरेच आहे. पण ते वर्षानुवर्षांचे काम आहे. दोन महिन्यांपूर्वी बसवलेला बेल्ट पाऊण तासात तीन टक्के मागे पडतो आणि रात्री यंत्र थंड झाल्यावर पुन्हा 100 फेरे भरतो, हे केवळ उष्णतेने होणार नाही. म्हणजे तापल्यावर बदलणारी दुसरी कोणतीतरी वस्तू बेल्टच्या वाटेत होती.

ती वस्तू मला गांधीबागेजवळ रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी दाखवली. मी चौथा बेल्ट कोणत्या मापाचा घ्यावा हे विचारायला यंत्र घेऊन गेलो होतो. त्यांनी प्लॅटर उचलून बाजूला ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “बेल्ट राहू द्या हो, आधी पुलीला बोट लावून पाहा.” मी बोट लावले. बोटावर एक पातळ, तपकिरी, चकाकणारी रेषा उमटली. “तेल कोण देते याला?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “मीच देतो, काका. दर वेळी बेल्ट बदलताना.” ते एवढेच म्हणाले, “मग तेच खाली-वर होते आहे.”

खरे तर सगळी गोष्ट तिथेच उलगडली. मोटारीचा दांडा ज्या लहान कांस्याच्या बेअरिंगमधून वर येतो, ती बेअरिंग सच्छिद्र असते आणि तिच्या छिद्रांत तेल साठवलेले असते. तिला वर्षानुवर्षांत एखादा थेंब पुरतो. मी मात्र प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी काळजीपोटी तीन-चार थेंब देत होतो. थंड दिवसांत ते जास्तीचे तेल घट्ट असल्यामुळे जागीच बसून राहायचे. उन्हाळ्यात खोलीच 38-40 अंशांवर जायची, त्यात चालती मोटार स्वतः तापायची, तेल पातळ व्हायचे, दांड्यावरून सरपटत पुलीच्या खालच्या कडेशी यायचे आणि तिथून बेल्टच्या आतल्या बाजूला लागायचे. बेल्टची पकड घर्षणावर अवलंबून असते. तेलाचा थर डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ असला तरी ती सुटते. शिवाय खनिज तेल रबरात मुरते, रबर फुगते आणि लांबते, म्हणून दोन महिन्यांनी काढलेला बेल्ट मला खरोखरच सैल दिसायचा आणि माझा समज पक्का व्हायचा. नव्या बेल्टसोबत मी पुन्हा तेल द्यायचो. म्हणजे तक्रार परत येण्याची व्यवस्था दरवर्षी मीच करून ठेवत होतो.

दुरुस्ती

यंत्राचा प्लग सॉकेटमधून काढल्याशिवाय प्लॅटरखाली हात घालू नये. मोटारीच्या टर्मिनलवर 230 व्होल्ट असतात आणि जुन्या यंत्रांतली वायर तडकलेली असू शकते.

प्लॅटर उचलताना तो दोन्ही हातांनी सरळ वर घ्यावा आणि स्पिंडलच्या खाली पोलादी गोळी असेल तर ती घरंगळून जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. पुली स्वच्छ करण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. ते औषधांच्या दुकानात किंवा बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत मिळते. कापसाची काडी किंचित ओली करून पुलीवर बेल्ट फिरतो त्या भागाला टेकवावी आणि पुली हाताने फिरवावी. माझी पहिली काडी काळी निघाली, दुसरी मधासारखी पिवळी, सहावी जवळजवळ पांढरी. पांढरी काडी येईपर्यंत पुसत राहावे. त्यानंतर मोटारीचा दांडा जिथे बेअरिंगमधून बाहेर येतो, तिथले जास्तीचे तेल कोरड्या काडीने टिपून घ्यावे. तेथे अल्कोहोल घालू नये, नाहीतर बेअरिंगच्या आतले आवश्यक तेलही निघून जाईल. शेवटी बेल्ट ज्या कडेवरून फिरतो ती प्लॅटरची आतली कड पुसावी. मला तिथेही तपकिरी पट्टा सापडला.

मग यंत्र बेल्टशिवाय दोन तास चालू ठेवावे, मोटार तापू द्यावी आणि पुन्हा काडी फिरवून पाहावी. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण हीच सर्वांत महत्त्वाची आहे. माझ्या मोटारीने पहिल्या दिवशी पुन्हा पिवळी काडी दिली, दुसऱ्या दिवशी किंचित पिवळी, आणि चौथ्या दिवशी काडी कोरडी निघाली. बेल्ट त्याच्यानंतर बसवला.

तेल देणे खरोखरच आवश्यक असेल, म्हणजे मोटार कोरडी पडल्याचा चिरका आवाज येत असेल, तर डिटर्जंट नसलेले एसएई 20 किंवा 30 दर्जाचे तेल सुईच्या टोकावर घेऊन एक थेंब द्यावा, दहा मिनिटे थांबावे आणि बाहेर आलेले टिपून घ्यावे. गंज सोडवणारे फवारे वंगण म्हणून वापरू नयेत. ते उडतात आणि जाताना जुने तेलही धुऊन नेतात.

जुना बेल्ट फारसा सैल झाला नसेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून धुवावा, सावलीत वाळवावा आणि टाल्कम पावडरचा अगदी हलका हात फिरवून झटकावा. पेट्रोल, थिनर किंवा रॉकेल यांनी रबर फुगते. काही जुन्या बेल्टचे डांबरासारखे चिकट लगदे झालेले असतात. ते धुण्याचा प्रयत्न न करता कागदाने निपटून काढावेत आणि उरलेला डाग अल्कोहोलने पुसावा. एक इशारा मात्र येथेच देतो: हेच अल्कोहोल 78 फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड पुसायला चुकूनही वापरू नये. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

नव्या बेल्टचे माप

सुटे बेल्ट विकणारे पुष्कळदा व्हीसीआर किंवा टेपरेकॉर्डरचा चौकोनी किंवा गोल बेल्ट ‘हा चालून जाईल’ म्हणून देतात. तो चालत नाही. टर्नटेबलची पुली बहुधा मध्ये किंचित फुगीर असते आणि सपाट बेल्ट आपोआप त्या फुगीर भागावर येऊन स्थिरावतो; गोल बेल्ट भटकत राहतो.

माप घेताना न ताणली जाणारी सुतळी पुली आणि आतली कड यांच्याभोवती बेल्टच्याच वाटेने फिरवावी आणि तिची लांबी मोजावी. बेल्टचा न ताणलेला घेर त्याच्यापेक्षा चार-पाच टक्के कमी असावा. घसरतो म्हणून फार घट्ट बेल्ट लावण्याचा मोह होतो, पण तो मोटारीचा दांडा आणि स्पिंडल एका बाजूला ओढून धरतो, बेअरिंग झिजवतो आणि मोटारीची घरघर थेट रेकॉर्डपर्यंत पोहोचवतो. मुळात बेल्ट वापरण्याचा उद्देशच मोटारीची थरथर अडवणे हा आहे. अमेरिकेतल्या अकूस्टिक रिसर्च कंपनीचे 1961 मधले टर्नटेबल याच गुणासाठी नावाजले गेले.

जाडीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. बेल्ट पुलीला वेढतो तेव्हा पुलीचा व्यास बेल्टच्या जाडीइतका वाढल्यासारखा होतो. पुली 18 मिलिमीटरची आणि प्लॅटरची आतली कड 200 मिलिमीटरची असेल, तर 0.6 ऐवजी 1 मिलिमीटर जाडीचा बेल्ट लावताच वेग सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. माझा दुसरा बेल्ट असाच जाड होता, आणि तो सुरुवातीला सूर चढवायचा, मग घसरून बरोबर जागी आणायचा आणि शेवटी खाली न्यायचा. त्या उन्हाळ्यात मधली वीस मिनिटे सूर अगदी नेमका लागायचा, आणि त्यामुळे मी आणखीच गोंधळलो होतो.

बेल्ट बसवल्यावर मोटार सरळ उभी आहे का, हे समोरून आणि बाजूने पाहावे. ती ज्या रबरी बुशांवर (लहान गाद्यांवर) टांगलेली असते ते आपल्या हवेत कडक होतात, एका बाजूने दबतात आणि मोटार कलते. मग बेल्ट पुलीच्या वरच्या किंवा खालच्या कडेला घासू लागतो. माझ्या यंत्राचा एक बुश दगडासारखा झाला होता. चारही एकदम बदलावेत, एकटा नवा बसवला तर मोटार पुन्हा कलते.

वेगळ्या रचनेची यंत्रे

रबरी चाकावर चालणाऱ्या यंत्रांत, उदाहरणार्थ 1954 च्या गॅरार्ड 301 मध्ये किंवा जुन्या ऑटोचेंजरमध्ये (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणाऱ्या यंत्रात), बेल्टची जागा मोटारीचा दांडा आणि प्लॅटर यांच्या मधले आयडलर चाक घेते. तेल तिथेही हाच घात करते. चाक कडक होऊन गुळगुळीत झाले असेल तर बारीक पॉलिशपेपरने त्याची चकाकी फक्त काढावी. वाजवून झाल्यावर बटण मधल्या जागेवर आणावे, नाहीतर चाक दांड्याला दाबलेले राहून त्यावर खळगा पडतो आणि पुढे प्रत्येक फेऱ्यात ‘ठक् ठक्’ येते. बेल्टची पण डीसी मोटारीची यंत्रे तापल्यावर मंदावत असतील, तर बेल्ट आणि पुली तपासून झाल्यावर मोटारीच्या वेगाचे नियंत्रण करणारे लहान ट्रिमर आणि जुने कपॅसिटर संशयास्पद ठरतात. ट्रिमर फिरवण्याआधी मूळ जागेवर पेन्सिलने खूण करावी. 1979 च्या टेक्निक्स एसएल-1200 एमके2 सारख्या क्वार्ट्झ नियंत्रणाच्या डायरेक्ट ड्राइव्ह (मोटार थेट प्लॅटर फिरवणाऱ्या) यंत्रांत बेल्टच नसल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

सुधारणा कोणत्या क्रमाने

घसरण्याचे कारण कळण्याआधी मी रेकॉर्डवर ठेवायचे पितळी वजन आणि जाड रबरी मॅट विकत घेतली होती. जड प्लॅटरमुळे वेगातली बारीक थरथर कमी होते हे खरे, पण सरासरी वेग उतरत असेल तर वजनाने तो वर येत नाही. उलट यंत्र सुरू होताना बेल्टवर अधिक ओढ येते आणि तेलकट बेल्ट अधिकच घसरतो. आता वजन मी वापरत नाही. मॅटही काढली, कारण तिच्यामुळे रेकॉर्डची पातळी वाढून टोनआर्मचा मागचा भाग खाली राहत होता.

वेग जागेवर आल्यावर मात्र लहान गोष्टींचा मोठा गुण दिसला. पिनचे रेकॉर्डवर पडणारे वजन डोळ्यांच्या अंदाजाने न लावता लहान डिजिटल काट्यावर मोजून कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या आकड्यावर आणले. माझ्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम सांगितले आहेत आणि यंत्र आले तेव्हा ते साडेतीन होते. छापील चकतीवर कार्ट्रिजचा कोन लावून घेतला, त्याला एक संध्याकाळ लागली. त्यानंतर पिन बदलली. प्रीअँप अजून जुनाच आहे.

यंदा मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या पुढे असताना, कूलर चालू ठेवून, दुपारी तीन वाजता मी पुन्हा वही उघडली. सुरुवातीला 100 फेरे, पाऊण तासाने 100, ब्रश टेकवल्यावर 99 आणि थोडा अधिक. तोच बेल्ट आता दोन उन्हाळे झाले बसलेला आहे. दर वर्षी होळीच्या सुमारास एक कोरडी कापसाची काडी पुलीवरून फिरवतो. ती पांढरी निघाली तर प्लॅटर तसाच परत ठेवतो आणि तेलाची बाटली उघडत नाही.